मिक्स्ड-यूज टॉवरला वाहता, शिल्पासारखा आकार द्यायचा असेल तर सुरुवात कुठून करायची? आधी आकार की आधी प्लॅन?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पंचेचाळीसेक मजल्यांचा टॉवर, खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर हॉटेल, सगळ्यात वर फ्लॅट. आकार आर्किटेक्ट झाहा हदीदच्या कामासारखा वाहता हवाय, स्क्रीनवर तो झकास दिसतोय, पण प्लॅन टाकायला बसलं की काही केल्या बसत नाहीये आणि कॉलेजातले गाईड म्हणतायत की हे नुसतं शेप-मेकिंग आहे, म्हणजे कारणाशिवाय काढलेला आकार. शिवाय सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं तेही विचारलंत.

माझं काम उंच इमारतींच्या फसाडचं, म्हणजे बाहेरच्या दर्शनी आवरणाचं, असे आकार दुसऱ्या कुणीतरी काढायचे आणि ते उभे कसे करायचे याची डोकेफोड आम्ही करायची, त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार हे धरून चाला. तर आधी आकारही नाही आणि प्लॅनही नाही, आधी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल ते ड्रॉइंग. आणि सेक्शन काढताना वक्र काय असणार हे ठरवायच्या आधी सरळ काय राहणार ते ठरवा. जे वाहते टॉवर खरंच उभे राहिलेत ना, त्यांच्यात काहीतरी हट्टाने सरळ ठेवलेलं सापडतंच.

सेक्शन का, तर मिक्स्ड-यूजमध्ये प्रत्येक वापराला मजल्याची खोली वेगळी लागते. खोली म्हणजे कोअरपासून (लिफ्ट-जिन्यांचा मधला गाभा) काचेपर्यंतचं अंतर. ऑफिसला १०-१२ मीटर चालतात, उलट हवेच असतात. फ्लॅटला ८-९च्या पुढे गेलात की मधल्या भागात अंधार, तिथे मग स्टोअर आणि पॅसेज काढत बसायचं आणि ती जागा कुणी आनंदाने विकत घेत नाही. हॉटेलचं साधारण फ्लॅटसारखंच, फक्त कॉरिडॉर धरायचा. मजल्याची उंचीसुद्धा तशीच, ऑफिसला ४ मीटरच्या आसपास, फ्लॅटला ३ ते ३.३, हॉटेल मधे कुठेतरी. आता हे सगळं एकाच कोअरभोवती एकावर एक रचून बघा, खाली जाड आणि वर बारीक असा एक आकार आपोआप तयार होतो, तुम्ही पेन्सिल उचलायच्याही आधी. तुमचा प्लॅन बसत नाहीये त्याचं कारण बहुतेक हेच असेल, आकाराचा सगळ्यात फुगीर भाग फ्लॅटच्या मजल्यांवर आणि कंबर ऑफिसच्या मजल्यांवर येत असेल. तसं असेल तर आकार उलटा करून बघा, गंमत नाही करत, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

याचं सगळ्यात चोख उदाहरण वाहतं अजिबात नाहीये, शिकागोचं जॉन हॅन्कॉक सेंटर, १९६९चं, शंभर मजल्यांचं. सुरुवातीला तिथे ऑफिस आणि फ्लॅट अशा दोन वेगळ्या इमारतींचा विचार होता, मग एकच करायचं ठरलं. खाली दुकानं आणि पार्किंग, वर ऑफिसं, ४४व्या मजल्यापासून फ्लॅट. तळाशी साधारण ८० बाय ५० मीटर, माथ्यावर ४९ बाय ३०. म्हणजे तो निमुळता आकार कुणाला सुंदर वाटला म्हणून आला असं नाही, ऑफिसला खोल मजला आणि फ्लॅटला उथळ मजला हे त्याचं कारण, आणि त्याचे इंजिनिअर फझलूर खान यांना स्ट्रक्चरच्या दृष्टीनेही तो सोयीचाच पडला. तुमचा आकार कितीही लवचीक असू दे, त्याच्या पोटात हा हिशोब असायला हवा.

आता सरळ काय ठेवायचं ते. कोअर सरळ, यावर चर्चाच नाही, लिफ्टला वाकडं जाता येत नाही. दुसरं, पाण्याचे आणि ड्रेनेजचे शाफ्ट. स्टुडंट प्रोजेक्टमध्ये याचं नावच कुणी घेत नाही आणि साइटवर सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. समजा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा फिरवलाय आणि फ्लॅटचा प्लॅनही त्याच्याबरोबर फिरतोय, तर बाथरूमही फिरलं, म्हणजे संडासची उभी लाइन प्रत्येक मजल्यावर थोडी सरकवावी लागणार, म्हणजे दर मजल्याला दोन बेंड, आणि जिथे बेंड तिथे चोकअप, तोही खालच्या माणसाच्या सीलिंगमध्ये. म्हणून बाथरूम आणि किचन कोअरला चिकटवून टाका, तो पट्टा ओळंब्यात ठेवा, आणि फिरायचं ते बेडरूम-हॉलला फिरू दे. वापर जिथे बदलतो, म्हणजे हॉटेल संपून ऑफिस सुरू होतं, तिथे पाइप इकडचे तिकडे न्यायला एक सर्व्हिस मजला लागतोच. तोच मजला कॉलम बदलायला, आउटरिगर (कोअरला बाहेरच्या कॉलमशी बांधणारे दणकट आडवे हात) टाकायला, जमलं तर रेफ्यूजला, म्हणजे आगीत लोकांना थांबायच्या सुरक्षित जागेलाही वापरा. आणि तुमच्या आकारात जिथे मोठं वळण आहे ना, ते नेमकं या मजल्यांवर आणा. एकाच पट्ट्यात सगळी अडचण कोंबायची आणि बाकीचे मजले साधे ठेवायचे.

कॉलमचं जरा सविस्तर लिहितो, कारण पिळलेला टॉवर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. समजा मजला दर मजल्याला फक्त १ अंश फिरतोय. ऐकायला काहीच नाही. पण केंद्रापासून २० मीटरवर असलेला कॉलम त्या १ अंशात ३५ सेंटिमीटर सरकतो, आणि मजला साडेतीन मीटरचा धरला तर तो कॉलम १० टक्के कलला. म्हणजे त्याच्यातून जितकं वजन खाली जातंय त्याच्या दहाव्या भागाइतका आडवा रेटा, प्रत्येक कॉलमवर, आणि सगळे एकाच दिशेने गोल फिरवणारे. वारा नाही, भूकंप नाही, नुसत्या स्वतःच्या वजनाने इमारत ओला कपडा पिळावा तशी पिळली जायला बघते आणि ते सगळं कोअरने सहन करायचं. काँक्रीट तर वर्षानुवर्षं हळूहळू सरकत राहतं, म्हणजे हा पीळ बांधकाम संपल्यावरही थोडा वाढत राहणार, तो आधीच हिशोबात धरावा लागतो. अशक्य नाहीये हे, दुबईचा कयान टॉवर, ३०६ मीटरचा, तळापासून माथ्यापर्यंत ९० अंश फिरलाय आणि २०१३पासून उभा आहे. पण फुकट काहीच मिळत नाही.

यातून सुटायचे दोन शहाणे मार्ग मला माहीत आहेत. एक कॅनडातल्या मिसिसॉगाचे ॲब्सोल्यूट टॉवर्स, मॅड आर्किटेक्ट्सचे, ज्यांना लोक मॅरिलिन मन्रो टॉवर म्हणतात. लंबगोल मजले, मोठा टॉवर तळापासून वरपर्यंत २०९ अंश फिरतो, पण कॉलम कलवलेलेच नाहीत. त्याऐवजी काँक्रीटच्या सरळ उभ्या भिंती आहेत आणि मजला ज्या बाजूला सरकेल तशी भिंत त्या बाजूला लांब होते, दुसऱ्या बाजूला आखूड. भिंत जागेवरच, तिची लांबी तेवढी बदलते. इतकी साधी युक्ती आहे की चीड येते. दुसरा मार्ग शिकागोच्या ॲक्वा टॉवरचा, जीन गँग यांच्या स्टुडिओचा, ८२ मजले, त्यात हॉटेल, भाड्याचे फ्लॅट आणि मालकीचे फ्लॅट, म्हणजे तुमच्याच प्रोग्रॅमच्या जवळचा. लांबून बघाल तर पाण्याच्या लाटा वाटतात. जवळ जाऊन बघाल तर आत साधा चौकोनी टॉवर आहे, काच सरळ, कॉलम सरळ, आणि फक्त स्लॅबची कड प्रत्येक मजल्यावर वेगळ्या रेषेत बाहेर काढलीय, जास्तीत जास्त ३.६ मीटरपर्यंत. शटरिंगवाल्याला फक्त कडेची पट्टी दर मजल्याला नव्या रेषेत वाकवायची, बाकी स्लॅब तोच. सगळा वाहतेपणा बाल्कनीच्या कडेत. आता कुणी म्हणेल ही फसवणूक आहे, आकार वरवरचा आहे, मला तसं वाटत नाही, त्या बाल्कन्या लोक वापरतात आणि त्या वाऱ्याला फोडायचं कामही करतात. थंड प्रदेशात मात्र स्लॅब असा आतून थेट बाहेर काढला की घरातली उष्णता त्यातून बाहेर पळते, ते तोडायचे तपशील आता मिळतात, ते वापरायचे.

तिसरा एक मार्ग आहे, कपडा वेगळा आणि शरीर वेगळं. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, २०१५मध्ये पूर्ण झाला, बाहेरची काच १२० अंश फिरते पण आतले मजले साधे गोल, एकावर एक, नऊ झोनमध्ये. दोन काचांच्या मधे बागा. दिसायला सुंदरच आहे, पण त्या मधल्या पोकळीचा सगळा भार, साफसफाई, खर्च तुमच्या डोक्यावर आणि विकता येणारी जागा शून्य, त्यामुळे ४५ मजल्यांच्या प्रोजेक्टला मी तो सुचवणार नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, काच. वक्र भिंत म्हणजे वक्र काच हा गैरसमज आधी काढून टाका. लंडनच्या ३० सेंट मेरी ॲक्सला सगळं जग गर्किन म्हणतं, पूर्ण गोलाकार दिसते ती इमारत, आणि तिच्यात वाकवलेली काच एकच आहे, अगदी टोकावरचं झाकण. बाकी सगळ्या सपाट. हे कसं जमतं ते एका छोट्या गणितात कळेल. दीड मीटर रुंदीचं सपाट पॅनल घ्या आणि २० मीटर त्रिज्येच्या वक्रावर लावा, पॅनलच्या मध्यावर खरा वक्र आणि काच यांच्यात फक्त १४ मिलिमीटरचा फरक पडतो आणि दोन पॅनलमधला कोन चार अंशांच्या थोडा वर. रस्त्यावरून कुणालाही कळणार नाही. तेच पॅनल ६ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्याला लावा, फरक ४७ मिलिमीटर आणि कोन १४ अंश, आता ते गोल नाही, कोनाकोनाचं दिसायला लागलं. म्हणजे काय करायचं, मोठे वक्र सपाट काचेत, आणि जे दोन-चार घट्ट कोपरे उरतील तिथेच खरी वाकवलेली काच. आकार काढताना ही त्रिज्या सतत डोळ्यासमोर ठेवा, १५-२० मीटरच्या वर जितका भाग ठेवता येईल तितकं बरं.

पीळ असेल तर अजून एक भानगड, पॅनलचे चार कोपरे एका सपाटीत राहत नाहीत. दर मजल्याला १ अंश असेल तर दीड मीटरच्या पॅनलचा चौथा कोपरा साधारण २६ मिलिमीटर बाहेर जातो. एवढं असेल तर साइटवरच काच हलकेच दाबून बसवता येते, कोल्ड बेंडिंग म्हणतात त्याला, अर्थात काचेची जाडी आणि सीलंट बघून. ३ अंश केलेत की विषयच वेगळा. तेव्हा स्क्रीनवर स्लायडर ओढताना त्या आकड्याच्या मागे एक माणूस गोंडोल्यात (दोरांवर टांगलेल्या पाळण्यात) लटकून काच दाबतोय हे लक्षात असू द्या.

ग्रिडचं, म्हणजे दोन कॉलममधल्या अंतराचं, थोडक्यात सांगतो. ८.४ मीटर हा आकडा लक्षात ठेवा, कॉलमची जाडी जाऊन त्यात तीन गाड्या बसतात आणि वर हॉटेलच्या ४.२च्या दोन खोल्या. म्हणजे तळघरातला कॉलम हॉटेलपर्यंत नेता येतो, मधे कुठे वरच्या कॉलमचं वजन बाजूला नेणारा जाडजूड ट्रान्सफर बीम लागत नाही. गोल प्लॅन असेल तर हे जमवायला कष्ट पडतात पण निदान पोडियममध्ये, म्हणजे खालच्या रुंद मजल्यांत, तरी जमवाच.

वारा. इथे तुमच्या बाजूचा मुद्दा मिळतो आणि गाईडना सांगायला उत्तम आहे. सरळसोट चौकोनी टॉवरवर वारा आला की दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात, एका ठरावीक तालात, आणि तो ताल इमारतीच्या स्वतःच्या तालाशी जुळला की ती वाऱ्याला आडवी डोलायला लागते. उंचीनुसार आकार बदलत गेला की प्रत्येक पातळीवर भोवऱ्यांचा ताल वेगळा, मग ते एकत्र येऊन जोर लावू शकत नाहीत. बुर्ज खलिफा टप्प्याटप्प्याने आत सरकत वर जातो तो याचसाठी. शांघाय टॉवरच्या पिळामुळे वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी कमी झाला, तैपेई १०१चे नुसते कोपरे खाचा पाडून बदलले तर जवळपास पाव भाग कमी झाला. म्हणजे तुमचे गोल कोपरे, बदलती कंबर याला कारण आहे, फक्त ते कारण तुम्हाला मांडता यायला हवं. आणि मिक्स्ड-यूजमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण फ्लॅट सगळ्यात वर, जिथे डोलणं सगळ्यात जास्त. ऑफिसातला माणूस डोलण्याचे २०-२५ मिली-जी (गुरुत्वाच्या त्वरणाचा हजारावा भाग म्हणजे एक मिली-जी) चालवून घेतो, पलंगावर पडलेल्या माणसाला १० ते १५च्या पुढे अस्वस्थ व्हायला लागतं. शिकागोच्या सेंट रीजिस टॉवरमध्ये, हाही गँग यांचाच, ३६३ मीटर, ८३वा मजला चक्क मोकळा सोडलाय, वाऱ्याला आरपार जायला. त्या इमारतीचा अभ्यास कराच, तिचा लाटेसारखा आकार एका साध्या छाटलेल्या पिरॅमिडचे ठोकळे एकदा सरळ एकदा उलटे असे रचून केलाय, म्हणजे पुन्हा तेच, वाहतं दिसणारं काम सरळ रेषांतून.

आता आत राहणाऱ्याचं. घट्ट वक्र भिंतीला पलंग लावून बघा, मागे एक विचित्र फट उरते, त्यात चार्जर पडतो तो परत मिळत नाही. कपाट बसत नाही, पडद्याची पट्टी वाकवून घ्यावी लागते. म्हणून वक्र असेल तर तो काचेच्या बाजूला, फ्लॅटमधल्या भिंती सरळ. साओ पावलोची कोपान इमारत, ऑस्कर निमायर यांची, १९६६मध्ये पूर्ण झालेली, एवढी मोठी लाट आहे आणि आत हजाराहून जास्त फ्लॅट, पण वक्र इतका विस्तीर्ण की एकेका फ्लॅटला तो जेमतेम जाणवावा. तळमजल्यावर दुकानांची गल्लीच आहे. उलट शिकागोची मरीना सिटी, खाली १९ मजले गाड्या, वर पाकळीसारखे फ्लॅट, बाथरूम-किचन आतल्या चिंचोळ्या टोकाला आणि हॉल बाहेर बाल्कनीकडे फुलत जाणारा. फर्निचर लावायची पंचाईत आहेच तिथे, पण पाकळीचा आकार आणि घराचा वापर एकाच दिशेने जातो म्हणून ते चालतं. न्यूयॉर्कच्या ८ स्प्रूस स्ट्रीटमध्ये फ्रँक गेरींनी बाहेरच्या स्टीलच्या चुण्यांमधून आत बसायच्या खिडक्या काढल्यात, खालच्या मजल्यांत सरकारी शाळा आहे, आणि दक्षिणेची बाजू सरळ सपाट ठेवलीय! म्हणजे गेरींनीसुद्धा चारही बाजूंना चुण्या घातल्या नाहीत.

एक धोक्याची सूचना, आतल्या बाजूला वळलेला, खोलगट काचेचा फसाड सूर्याकडे तोंड करून ठेवू नका. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटने २०१३मध्ये रस्त्यावर उभ्या गाडीचे भाग वितळवले होते, नंतर बाहेरून आडव्या पट्ट्या लावाव्या लागल्या. सूर्याचा अभ्यास फुकट होतो सॉफ्टवेअरमध्ये, दहा मिनिटांचं काम. तसंच वरून खाली आत जाणारी काच असेल तर गोंडोला तिच्यापर्यंत पोचतच नाही, लटकत राहतो लांब. ती साफ कशी करणार याचं एक छोटं स्केच शीटवर टाका, प्रोजेक्ट तपासणाऱ्या ज्युरीत निम्मे लोक तिथेच गप्प होतात.

शेप-मेकिंगच्या आरोपाला उत्तर म्हणून मी बीजिंगचा लीझा सोहो दाखवेन, झाहा हदीद आर्किटेक्ट्सचाच, २०१९चा. साइटच्या खालून तिरका मेट्रोचा बोगदा गेलाय, त्याच्यावर टॉवरचं वजन टाकता येत नाही, म्हणून टॉवर मधोमध चिरला, दोन अर्ध्या भागांच्या मधे १९४ मीटर उंचीची पोकळी आली, आणि ती पोकळी ४५ अंश पिळत नेली म्हणजे वरचे मजले खालच्या रस्त्यांच्या दिशेला जुळतात आणि उजेड खोलवर पोचतो. आवडो न आवडो, पण तिथे "हे असं का" याला उत्तर आहे. तुमच्या साइटवर असं काय आहे ते शोधा, एखादा दृश्याचा कोन, शेजारची सावली, खालची लाइन, ज्या बाजूने लोक येतात ती बाजू. एक पुरे. सगळीकडून चार कारणं गोळा केलीत की पुन्हा गोंधळ.

सॉफ्टवेअरचंही विचारलं होतंत. रायनो-ग्रासहॉपरच (थ्रीडी मॉडेल आणि ते आकड्यांनी चालवणारी स्क्रिप्ट) ठीक, फक्त आख्खा आकार एका गुळगुळीत पृष्ठभागातून कापू नका, उलटं करा, प्रत्येक मजल्याची स्लॅबची कड हीच मूळ रेषा धरा आणि तिला तीन-चारच आकड्यांनी हलवा, फिरण्याचा कोन, खोली, कोपऱ्याची त्रिज्या. त्याच स्क्रिप्टमध्ये प्रत्येक मजल्याचं कोअर ते काच अंतर काढून बाजूला लिहून घ्या आणि फ्लॅटच्या मजल्यावर ते ९च्या वर गेलं की लाल दिसेल असं करा. रेव्हिटमध्ये, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नंतर न्या, आकार थांबल्यावर. आणि सेक्शन टाका इथे, बघतो.